पुठ्ठ्याच्या एका थराएवढा कडा

माझ्या कादंबरीचं एकोणिसावं प्रकरण गेलं दीड वर्ष माझ्या मानगुटीवर बसलेलं आहे. त्याआधीची अठरा कशीबशी मार्गी लागली. विसावं तर लिहूनही झालंय, कारण त्यात युद्ध संपलेलं आहे आणि संपलेल्या युद्धावर लिहायला फार जोर लागत नाही. अडलंय ते मधलं, ज्यात युद्धाचा निकाल लागतो.

देश काल्पनिक आहे. त्याला मी अजून नाव दिलेलं नाही, कारण नाव दिलं की लोक तो कुठला ते ओळखायला लागतात. देशात यादवी माजली आहे. दक्षिणेकडे राजधानी आणि तिची फौज, उत्तरेकडे बंडखोर, मध्ये आडवी डोंगररांग आणि त्या रांगेतून पलीकडे जाणारी एकच धड वाट. उत्तरेच्या खोऱ्यातून पुढे सरहद्द लागते आणि बंडखोरांचं धान्य, दारूगोळा, औषधं सगळं तिथूनच येतं. ऑक्टोबर सरत आलाय. तीनेक आठवड्यांत बर्फ पडेल आणि खिंड एप्रिलपर्यंत बंद होईल. राजधानीची फौज त्याआधी खिंड ओलांडून खोऱ्यात उतरली तर सरहद्द तिच्या हातात जाते आणि बंड संपतं. नाही उतरली तर राजधानीतल्या सरकारला आणखी एक हिवाळा काढण्याइतका ना पैसा आहे ना पत. म्हणजे लढाई निर्णायक व्हायला जे जे लागतं ते सगळं मांडून ठेवलं होतं. लढाई तेवढी जमत नव्हती.

यादवी हा शब्द किती वेळा वापरतो आपण, पण त्याच्या मुळाशी काय आहे ते माझ्याही डोक्यात हे लिहितानाच शिरलं. यादव प्रभासला आपापसांत लढून संपले, तेही हाताला लागलेलं गवत उपटून. समोरच्याचा हात कसा चालतो, तो कुठल्या पायावर भार टाकतो, हे प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण सगळे एकाच अंगणात वाढलेले. परक्या शत्रूशी लढताना तो काय करेल याचा अंदाज बांधावा लागतो. यादवीत तो काय करेल हे तुम्हाला पाठ असतं, आणि तुम्ही काय कराल हे त्याला. एवढी साधी गोष्ट माझ्या पहिल्या दोन्ही खर्ड्यांमध्ये नव्हती.

पहिला खर्डा कसा होता ते सांगायला लाज वाटते. खिंड म्हटली की आपल्या डोक्यात एकच चित्र उभं राहतं. 1660 सालची पावसाळी रात्र, अरुंद घोडखिंड, बाजीप्रभू आणि तोफांच्या आवाजाकडे लागलेले कान. मीही तेच लिहिलं. बंडखोरांची सत्तर माणसं खिंडीत छातीचा कोट करून उभी, समोरून लाटांवर लाटा. सोळा पानं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं अशी माझी अपेक्षा होती.

वाचणारा होता माझा भाचा. वय चोवीस, पटावरची युद्धं खेळायचा नाद. त्याने सोळा पानं वाचली, बाजूला ठेवली आणि म्हणाला, "मावशी, पण निळे तिथून कशाला येतील?"

आमच्याकडे राजधानीची फौज निळी आणि बंडखोर तांबडे, कारण शिवणाच्या डब्यात या दोन रंगांची बटणं भरपूर आहेत.

"तीच तर वाट आहे," मी म्हटलं.

"रस्ता तो आहे. डोंगर तर सगळीकडेच आहे."

मी तेवीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली. ट्रेसिंगवर कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा, ओढणं हे माझं पोट भरायचं काम होतं. आणि मला कालचा पोरगा सांगत होता की डोंगर सगळीकडे असतो! चिडून मी डोंगर करायलाच घेतला.

नकाशा मीच काढलेला होता. समोच्च रेषांमधलं उंचीचं अंतर 20 मीटर. तो एकास दहा हजारावर वाढवला, म्हणजे जमिनीवरचे 20 मीटर कागदावर 2 मिलिमीटर. बाजारात 2 मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा मिळतो, त्यामुळे एका रेषेला एक थर, उंचीचं प्रमाणही बरोबर. खालचा तळ 1840 मीटरवर, सर्वांत उंच शिखर 2740. एकूण 45 थर. जेवणाच्या टेबलावर साधारण बारा किलोमीटर लांब आणि साडेसात किलोमीटर रुंद असा मुलूख बसला आणि महिनाभर आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. कटरची आठ पाती मोडली. उजव्या हाताच्या अंगठ्याला अजून घट्टा आहे.

शिखरांना नावं द्यायचा मोह मी टाळला. फौजा तसंही आकड्यांनीच बोलतात. कारगिलला आपण पॉइंट 4875 म्हणत होतो, दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या कॅसिनोच्या डोंगरात हिल 593 होती. ज्या उंचवट्याला गावकऱ्यांनी कधी नाव दिलं नाही, त्याच्यावर माणसं मरायला लागली की त्याची उंचीच त्याचं नाव होऊन बसते. तसे माझ्याकडे तीन आकडे आहेत. खिंड 2310. तिच्या पूर्वेला 2740, सरळसोट, त्यावर कुणी जात नाही. आणि पश्चिमेला 2560, एका लांब सोंडेचं टोक. ही सोंड दक्षिणेकडे निळ्यांच्या तळापर्यंत उतरत जाते. हे टोक खिंडीपेक्षा अडीचशे मीटर उंच, आणि तिथून खिंडीच्या मागचा खेचरांचा रस्ता तळहातावरच्या रेषेसारखा दिसतो.

डोंगर तयार झाल्यावर भाच्याने एक युक्ती दाखवली, ती लिहिणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल. खोलीत अंधार करायचा. जिथे तोफ किंवा मशीनगन आहे तिथे छोटा टॉर्च ठेवायचा. जिथे उजेड पडतो तिथे मारा पोचतो. जिथे सावली आहे तिथे माणूस उभा राहून विडी ओढू शकतो. माझ्या सत्तर वीरांच्या जागी टॉर्च ठेवला तर समोरचा रस्ता लख्ख उजळला, आणि डावी-उजवीकडे सगळी सावली.

मग आम्ही खेळलो. तो निळा, मी तांबडी. त्याने माझ्या खिंडीसमोर थोडी बटणं नुसती हलती ठेवली, अधूनमधून तोफा डागल्या आणि रात्रीच्या चालीत एक बटालियन पश्चिमेच्या सोंडेवरून 2560 वर चढवली. सकाळी त्याच्या मशीनगन माझ्या मागच्या रस्त्यावर रोखलेल्या. खिंडीत पाणी नाही, पाणी मागच्या ओढ्यावर. खेचर साधारण सत्तर-ऐंशी किलो वाहतं. पाणी, काडतुसं, शिधा सगळं त्या एका रस्त्याने वर येत होतं आणि आता येत नव्हतं. तिसऱ्या चालीला माझे वीर तहानेने शरण आले. माझ्या सोळा पानांच्या शौर्याला त्याने बोटसुद्धा लावलं नाही.

असं खरोखर घडतं का, म्हणून मी वाचायला लागले. 1661 साली उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाचं हेच झालं होतं. पुढची वाट बंद, मागची बंद, पाणी नाही, आणि शेवटी खंडणी भरून सुटका. पण माझ्या कथेच्या सर्वांत जवळची निघाली ती ग्रीसची यादवी. 1946 ते 1949. तिथल्या कम्युनिस्टांच्या फौजेने वायव्येच्या डोंगरात, ग्रामोस आणि वित्सी या दोन भागांत ठाण मांडलं होतं. 1948 च्या उन्हाळ्यात सरकारी फौजेने ग्रामोसवर हल्ला चढवला, उन्हाळाभर झुंज झाली, डोंगर पडला. पण माणसं निसटली आणि वित्सीत जाऊन पुन्हा उभी राहिली. म्हणजे डोंगर जिंकला आणि काहीच जिंकलं नाही. वर्षभरात दोन गोष्टी बदलल्या. बंडखोरांच्या नेतृत्वाने, म्हणजे झाखारियादिसने, गनिमी कावा सोडून ठाणी धरून लढायचा आग्रह धरला. आणि युगोस्लाव्हियाचा टिटो आणि रशियाचा स्टालिन यांचं बिनसल्यावर युगोस्लाव्हियाने जुलै 1949 मध्ये सरहद्द बंद केली. ऑगस्टमध्ये आधी वित्सी पडलं, महिनाअखेरीस ग्रामोस. उरलेले अल्बानियात गेले, ऑक्टोबरात युद्ध थांबलं. डोंगर तोच, पण या वेळी मागचं दार लागलेलं होतं.

हे वाचल्यावर मी दुसरा खर्डा एका दमात लिहिला. निळे सोंडेवरून चढतात, मागचा रस्ता तोडतात, खिंड न लढता पडते. नकाशाच्या दृष्टीने निर्दोष. मी तो भाच्याला दिला आणि म्हटलं, घे.

त्याने वाचलं आणि म्हणाला, "आता मी तांबडा होतो."

आणि त्याने पहिल्याच चालीत 2560 वर दोन मशीनगन नेऊन ठेवल्या.

"हे तुला कसं कळलं?" मी विचारलं. अगदी मूर्खासारखा प्रश्न.

"अगं, मी परवा तिथूनच आलो होतो की!"

तिथे माझी गाडी जी थांबली ती सात महिने. दोन्ही सेनापती एकाच लष्करी कॉलेजात शिकलेले, असं मीच तिसऱ्या प्रकरणात लिहून ठेवलं होतं. दोघांच्या खिशात एकाच खात्याने युद्धाआधी छापलेलं तेच टोपोशीट, म्हणजे समोच्च रेषांचा नकाशा. निळ्याला सोंड दिसते तर तांबड्याला का दिसू नये? यादवीत चकवणार कुणाला?

खऱ्या युद्धात याचा तोडगा कसा निघतो ते शोधताना मला मिशनरी रिज सापडली. अमेरिकन यादवी, 25 नोव्हेंबर 1863, चॅटनूगा. डोंगराच्या धारेवर दक्षिणेचा ब्रॅक्स्टन ब्रॅग, खाली उत्तरेची फौज, तिच्या मधल्या फळीचा सेनापती जॉर्ज थॉमस. हे दोघे वेस्ट पॉइंटचे. एवढंच नाही, 1847 मध्ये मेक्सिकोच्या युद्धात ब्वेना व्हिस्ताला दोघे तोफखान्याच्या एकाच रेजिमेंटमधून लढले होते. एकाच तोफखान्यातले दोन अधिकारी, सोळा वर्षांनी एक वर आणि एक खाली! थॉमस तर व्हर्जिनियाचा, म्हणजे जन्माने दक्षिणेचा. असा योगायोग मी कादंबरीत घातला असता तर भाच्याने तो खोडून टाकला असता.

त्या दिवशी जे झालं ते असं. थॉमसच्या सैनिकांना हुकूम होता तो फक्त डोंगराच्या पायथ्याचे खंदक घेण्याचा. सहा तोफा झाल्या, ते धावले, खंदक घेतले. पण तिथे थांबणं म्हणजे वरून गोळ्या खात बसणं. मागे फिरलं तर उघडं मैदान. मग ते चढायलाच लागले. थॉमसचा वरिष्ठ ग्रँट मागून दुर्बिणीतून बघत होता, त्याने चिडून विचारलं की यांना वर जायला सांगितलं कुणी. कुणीच सांगितलं नव्हतं. आणि ते पोचले, धार घेतली, ब्रॅगची फळी फुटली.

का फुटली, हे मला कुठल्याही पानापेक्षा पुठ्ठ्याने जास्त चांगलं समजावलं. ब्रॅगच्या लोकांनी खंदक खणले होते ते डोंगराच्या अगदी माथ्यावर, सर्वांत उंच रेषेवर. नकाशावर माथा तोच. पण बहुतेक डोंगरांचा उतार मध्ये फुगलेला असतो. माथ्यावर उभं राहिलं की दूरचं सगळं दिसतं आणि पायाखालचं काही दिसत नाही. उतारावर पूर्ण नजर टाकायची तर थोडं खाली उतरून बसावं लागतं. त्या रेषेला सैनिकी माथा म्हणतात, आणि खरा माथा वेगळा. मी टेबलावर हनुवटी टेकवली, एक डोळा मिटला आणि 2560 वरच्या तांबड्या बटणाच्या उंचीवरून खाली पाहिलं. चार थर दिसले, मग उताराची ढेरी आडवी आली, मग थेट पलीकडची दरी. मधले वीस थर गायब. मान अवघडेपर्यंत मी तशीच राहिले. त्यात भर म्हणजे ब्रॅगच्या पायथ्याची माणसं वर पळत येत होती, त्यामुळे वरच्यांना गोळीबार करणं अवघड झालं. सगळं पुस्तक पाठ असलेला माणूस घाईत खणलेल्या एका रेषेने हरला.

मी हीच चूक माझ्या तांबड्या सेनापतीच्या माथी मारणार होते. पण ती उसनी होती. ज्याने इतिहास वाचलाय त्याच्या ती लगेच लक्षात आली असती. दुसरा सोपा मार्ग म्हणजे गुराखी. एक म्हातारा मेंढपाळ येतो, फौजेला चोरवाट दाखवतो. ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीत इफिआल्टीसने इराणी फौजेसाठी तेच केलं आणि त्यानंतर अडीच हजार वर्षं लेखकमंडळी त्या बापड्याला राबवून घेताहेत. मी नाही म्हटलं.

मग एक दिवस थर पुन्हा चिकटवताना माझं लक्ष पश्चिमेच्या सोंडेवर गेलं. 2380 ते 2480 या पट्ट्यात माझ्या रेषा फार देखण्या पडल्या होत्या. एकीपासून दुसरी अगदी सारख्या अंतरावर, कंगव्याच्या दातांसारख्या. निसर्गात अशा रेषा पडत नाहीत. अशा रेषा पडतात त्या ड्रॉइंग ऑफिसात, जेव्हा मधली माहिती नसते.

हे मला माहीत आहे, कारण मी हे केलेलं आहे.

नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. रस्त्याच्या एका कामाचं लेव्हल बुक, म्हणजे जागेवर मोजलेल्या उंचींची वही, माझ्याकडे आलं. त्यातलं एक जोडपान पावसाने धुऊन निघालं होतं. आकडे उमटलेले, पण वाचता येतील असे नाहीत. सर्व्हेअर पुढच्या साइटवर गेलेला. ड्रॉइंग संध्याकाळी पाठवायचं होतं. अलीकडची उंची होती, पलीकडची होती, मधलं मी सरळ विभागून टाकलं. पाच रेषा, सारख्या अंतरावर. रॉट्रिंगच्या पेनाने, सुबक. साहेबांनी लिखाईचं कौतुकही केलं. पाच महिन्यांनी काम तिथे पोचलं तेव्हा मध्ये ओढा निघाला. जिथे नुसता भराव धरला होता तिथे मोरी टाकावी लागली. चौकशी झाली. सगळे धरून चालले की सर्व्हेअर त्या तुकड्यात उतरलाच नसणार, बसल्या जागी आकडे भरले असणार. त्याला बोलणी बसली. मी माझ्या टेबलाशी बसून दुसरं ट्रेसिंग करत होते. मी काही बोलले नाही.

तो माणूस नंतर बदलून गेला. जोडपान अजूनही त्या बुकात असेल, ज्या कुठल्या गोदामात ते असेल तिथे.

तर, एकोणिसाव्या प्रकरणाला माणूस मिळाला. युद्धाआधी नकाशाखात्यात होता, आता निळ्यांच्या मुख्यालयात कॅप्टन आहे. नऊ वर्षांपूर्वी त्या सोंडेच्या मोजणीला गेला असताना तीन दिवस धुकं हटलं नाही. त्याने वरचा बिंदू घेतला, खालचा घेतला आणि मधलं घरी येऊन भरलं. ते टोपोशीट छापलं गेलं. आता त्याच्यासमोर टेबलावर तेच शीट पसरलंय आणि कर्नल पेन्सिलीने त्याच्याच खोट्या रेषांवरून बटालियनची वाट आखतोय. सोंडेच्या धारेवर तांबड्यांची नजर आहे, म्हणून धारेच्या आडोशाने, पश्चिमेच्या पोटातून. तिथेच उतार सौम्य दिसतो ना नकाशावर!

इथे मी कागद घेऊन हिशेब केला, आणि दीड वर्षात पहिल्यांदा लढाई आपोआप चालायला लागली.

तळापासून टोकापर्यंत अंतर 6 किलोमीटर, चढ 720 मीटर. 1892 मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ठोकताळा दिला होता, तो अजून चालतो. सपाटीवर तासाला 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाला एक तास जास्त. म्हणजे 1 तास 12 मिनिटं अंतराची, 1 तास 12 मिनिटं चढाची. अंधार आहे, पाठीवर ओझं आहे, 600 माणसं एकामागे एक आहेत, म्हणून कर्नल दुप्पट धरतो. पाच तास. रात्री नऊला निघायचं, दोनला टोकावर, उजाडायच्या आत मशीनगन लावून तयार. सावध माणूस आहे, हिशेबात चूक नाही.

आता 2420 आणि 2440 या दोन रेषांच्या मध्ये मी 18 मीटरचा सरळ कातळटप्पा ठेवला. आता गंमत बघा. रेषांमधलं उंचीचं अंतर 20 मीटर असेल तर 18 मीटरचा कडा प्रामाणिक मोजणीतसुद्धा दोन रेषांच्या मध्ये लपून राहू शकतो. नकाशा खोटं बोलत नाही, फक्त गप्प राहतो. माझ्या कॅप्टनला नेमकी हीच पळवाट मिळते. मी जरी तिथे गेलो असतो तरी कदाचित दिसलं नसतं, असं तो स्वतःला सांगत राहतो.

आघाडीची माणसं एक वाजता कातळाखाली पोचतात. डावीकडे जाऊन बघतात, उजवीकडे जाऊन बघतात. एक पोरगा अनवाणी वर चढतो, दोर बांधतो. यात दोन वाजतात. दोर दोनच आहेत, कारण नकाशात कडा नव्हता. रायफल आणि ओझ्यासकट एका माणसाला दोन मिनिटं धरली, तर सहा वाजेपर्यंत एका दोरावरून 120, दोन्हींवरून 240. उजाडतं तेव्हा 240 माणसं वर, 360 खाली आणि खेचरं सर्वांत मागे. मशीनगन खेचरांवर. जी 360 खाली आहेत ती चढून घामाने भिजलेली, आणि आता चार तास थंड कातळाला टेकून उभी. वर गेलेल्यांकडे जेवढी काडतुसं अंगावर आहेत तेवढीच.

साडेसहाला तांबड्यांचा एक पहारेकरी लघवीला म्हणून धारेच्या या बाजूला येतो.

पुढची लढाई मी चार पानांत संपवली. डोंगरात चढून हल्ला करायचा तर बचावाच्या सहापट माणसं लागतात असं मानतात, आणि इथे वर पोचलेली माणसं तर अर्धीसुद्धा नव्हती. दुपारी कर्नल माघारीचा निरोप पाठवतो. दोन दिवसांनी आभाळ भरून येतं. तांबडे जिंकतात असंही म्हणवत नाही. निळ्यांना खोऱ्यात उतरता येत नाही, एवढंच.

माझा सगळा जीव गुंतला तो आदल्या संध्याकाळच्या दीड पानात. नकाशाचं टेबल, पेट्रोमॅक्सचा आवाज, कर्नलची पेन्सिल. कर्नल विचारतो, "तुम्ही या भागात काम केलंय ना? रेषा भरवशाच्या आहेत?" हा प्रश्न मी आधी घातला नव्हता. त्याला कुणी विचारलंच नाही, असं ठेवलं होतं. मग वाटलं, ही सवलत मी त्याला देत नाहीये, मला देतेय. मला त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. पण मी बसले होते त्या टेबलापासून साहेबांची केबिन बारा पावलांवर होती.

भाच्याने हे प्रकरण मागच्या रविवारी वाचलं. ओढ्याचं आणि मोरीचं त्याला ठाऊक नाही, म्हणजे नव्हतं, आता हे वाचून कळेल. त्याने विचारलं, "हा फितूर होता का?"

"नाही रे."

"मग बोलला का नाही?"

"त्याला वाटलं, बहुतेक असेल तसंच."

तो थोडा वेळ टेबलावरच्या डोंगराकडे बघत बसला. मग म्हणाला, "कडा कुठे आहे यात? दाखव."

मला दाखवता येईना. एकास दहा हजारावर 18 मीटर म्हणजे 1.8 मिलिमीटर, पुठ्ठ्याच्या एका थराहून कमी. आमच्या डोंगराला 45 पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरी बघाल तर कडाच, आणि खरा कडा त्यांत कुठे शोधायचा! शेवटी मी लाल पेनाने 2420 च्या थराच्या कडेला बोटभर रेघ ओढली.

त्याने निळी बटणं ओंजळीत घेतली. "पुन्हा खेळू. या वेळी चार दोर नेतो. सहापर्यंत 480 माणसं वर."

"ने की," मी म्हटलं. "पण तुझ्या नकाशात कडा नाहीये. जास्तीचे दोर कशाला हवेत, हे तू कर्नलला काय सांगणार?"

तो बटणं हातात घेऊन अजून विचार करतोय.